मार्चअखेरचे बदललेले गणित

आपल्याकडील व्यापारी वहीपूजन करतो दिवाळीत. पण त्याचे वर्ष संपते ते ३१ मार्चला. या दोन तारखांची फारकत फार जुनी नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत आयकर कायदा व्यापाऱ्याला आपल्या हिशेबाचे वर्ष निवडण्याची मुभा देत असे. कोणी दिवाळी ते दिवाळी हिशेब ठेवी, कोणी जानेवारी ते डिसेंबर. करनिर्धारण वर्ष १९८९-९० पासून १ एप्रिल ते ३१ मार्च हे एकच वर्ष सर्वांना सक्तीचे झाले आणि सरकारी खात्यांचा मार्चअखेर बाजारपेठेतल्या गाद्यांवरही येऊन बसला. वही दिवाळीत पुजायची, नफा मात्र मार्चमध्ये मोजायचा, ही कसरत आता सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. अंगवळणी न पडलेली गोष्ट वेगळीच आहे. गेल्या काही वर्षांत मार्चअखेरचे गणितच मुळातून बदलले असून नोकरदार काय किंवा दुकानदार काय, बहुतेक जण अद्याप जुन्याच आकडेमोडीत गुंतलेले दिसतात.

जुनी आकडेमोड सर्वांच्या परिचयाची आहे. फेब्रुवारीत कार्यालयातून गुंतवणुकीचे पुरावे मागणारे परिपत्रक निघायचे, विमा एजंटांच्या फेऱ्या वाढायच्या, टपाल कार्यालयात आणि बँकेत भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात पैसे भरणाऱ्यांची रांग लागायची. कलम ८०सी आणि त्याची दीड लाखाची मर्यादा हा मध्यमवर्गीय घरातला परवलीचा शब्द होता. ‘४६,८०० रुपयांचा कर वाचवा’ अशा जाहिराती दरवर्षी झळकत. हा आकडा खोटा नव्हे. दीड लाखावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर धरला की तो बरोबर येतो. तो फक्त ३० टक्क्यांच्या टप्प्यातील, तोही जुन्या करप्रणालीतील करदात्यालाच लागू पडतो, हे मात्र जाहिरातीत बारीक अक्षरात असे.

या गणिताला पहिला धक्का दिला तो २०२० च्या अर्थसंकल्पाने आणलेल्या नव्या करप्रणालीने. कमी दर आणि बहुतेक वजावटींना फाटा, असे तिचे स्वरूप. आरंभी तिच्याकडे कोणी फारसे वळले नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून सरकारने तीच मूळ प्रणाली ठरवली; म्हणजे जुनी हवी असेल तर तसे सांगावे लागेल. परिणाम तत्काळ दिसला. ३१ जुलै २०२४ पर्यंत भरल्या गेलेल्या ७.२८ कोटी विवरणपत्रांपैकी ५.२७ कोटी, म्हणजे सुमारे ७२ टक्के, नव्या प्रणालीतील होती. त्यानंतर २०२५ च्या अर्थसंकल्पाने २०२५-२६ या वर्षासाठी १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरील कर करसवलतीच्या मार्गाने शून्यावर आणला. नोकरदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट वेगळी असल्याने त्याच्यासाठी ही मर्यादा १२ लाख ७५ हजारांची झाली.

याचा अर्थ काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. वर्षाला १२ लाख ७५ हजार रुपये वेतन असलेला एखादा नोकरदार जुन्या प्रणालीत राहिला आणि त्याने हाताशी असलेली बहुतेक सर्व आयुधे वापरली, असे समजू. ८०सीखाली दीड लाख, राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत ५० हजार, आरोग्यविम्याचा हप्ता २५ हजार, गृहकर्जाचे व्याज दोन लाख. शिवाय जुन्या प्रणालीतील ५० हजारांची प्रमाणित वजावट. इतके करूनही त्याचे करपात्र उत्पन्न आठ लाख राहते आणि उपकरासह ७५,४०० रुपये कर भरावा लागतो. नव्या प्रणालीत एक रुपयाही न गुंतवता त्याचा कर शून्य आहे. वीस लाख वेतन असलेल्याला जुनी प्रणाली फायद्याची ठरायची तर प्रमाणित वजावट सोडून सुमारे सात लाख आठ हजारांच्या वजावटी दाखवाव्या लागतील. पावणेपंचवीस लाखांच्या पुढे हा आकडा आठ लाखांवर स्थिरावतो. मुंबईत मोठे घरभाडे भरणारे, मोठे गृहकर्ज फेडणारे काही लोक तेथवर पोहोचतात. बाकीच्यांनी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात करासाठी म्हणून धावपळ करावी, असे काही कारण उरलेले नाही.

धावपळ थांबली, एवढ्याने प्रश्न मिटत नाही. खरा पेच आहे तो आधीच्या मार्चमधील खरेदीचा. कर वाचवण्यासाठी म्हणून घेतलेली वीस वर्षांची विमा पॉलिसी कर वाचेनासा झाला म्हणून संपत नाही. लाखभराच्या वार्षिक हप्त्याची पारंपरिक पॉलिसी घेताना पहिल्या वर्षी वाचलेले ३१,२०० रुपये डोळ्यांसमोर होते. आता नव्या प्रणालीत गेल्यावर ती बचत नाहीशी झाली आणि हप्ता मात्र शिल्लक राहिला. अशा पॉलिसींचा परतावा बहुतेकदा पाच-सहा टक्क्यांच्या घरात असतो. करसवलतीचे बोट सोडले की तो डोळ्यात भरण्याइतका तोकडा दिसतो. अशा वेळी दोन वाटा असतात. पॉलिसी परत करून मिळेल ती रक्कम घेणे, किंवा हप्ते थांबवून कमी झालेल्या विमा रकमेवर ती तशीच मुदतीपर्यंत चालू ठेवणे. यातील कोणती बरी, हे किती हप्ते भरून झाले यावर अवलंबून आहे. विमा कंपनीकडून दोन्ही आकडे लेखी मागवावेत. तोंडी सल्ल्यावर, विशेषतः पॉलिसी विकणाऱ्याच्या तोंडी सल्ल्यावर, हा निर्णय घेऊ नये. कुटुंबाला विम्याची गरज असेल तर आधी शुद्ध मुदतविमा घ्यावा आणि मगच जुन्या पॉलिसीला हात लावावा, हे ओघानेच आले.

सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीची गोष्ट वेगळी. त्यातील व्याज व मुदतीनंतरची रक्कम दोन्ही प्रणालींत करमुक्त आहे. गेली ती फक्त भरण्यावरची वजावट. तेव्हा खाते बंद पाडण्याचे कारण नाही. वर्षाला पाचशे रुपये भरले तरी ते जिवंत राहते. ज्यांना दीड लाख भरायचेच आहेत, त्यांनी ते मार्चमध्ये का भरावेत, हे मात्र कोडेच आहे. या खात्यावर महिन्याच्या पाच तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर व्याज मिळते. ५ एप्रिलच्या आत दीड लाख भरणाऱ्याला ७.१ टक्के दराने त्या वर्षाचे १०,६५० रुपये व्याज मिळेल. तेच दीड लाख पुढच्या ३१ मार्चला भरणाऱ्याला त्या रकमेवर त्या वर्षी काहीही मिळणार नाही.

नव्या प्रणालीत ज्या थोड्या सवलती उरल्या आहेत, त्या बहुतांशी एप्रिलमध्ये पेरायच्या आहेत. मालकाने कर्मचाऱ्याच्या निवृत्तिवेतन खात्यात मूळ वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंत भरलेली रक्कम नव्या प्रणालीतही वजावटीस पात्र ठरते. पण त्यासाठी वेतनाची रचना वर्षारंभी बदलून घ्यावी लागते. ३१ मार्चला मनुष्यबळ विभागाकडे धाव घेऊन उपयोग नाही.

भांडवली नफा ही एक बाब अशी आहे, जिथे तारीख खरोखर महत्त्वाची ठरते. समभाग व समभागाधारित म्युच्युअल फंडांवरील दीर्घकालीन नफ्यापैकी वर्षाला सव्वा लाख रुपये करमुक्त असतात, त्यापुढे साडेबारा टक्के. ही सव्वा लाखाची मुभा पुढच्या वर्षात नेता येत नाही. एवढा नफा ३१ मार्चपूर्वी पदरात पाडून घेतला तर पुढे उपकर वगळता १५,६२५ रुपये वाचतात. तोट्यातील समभाग विकून नफ्याशी वजावट करण्याची हीच वेळ. एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. १२ लाखांपर्यंत कर नाही, ही सवलत अशा विशेष दराने आकारल्या जाणाऱ्या नफ्याला लागू होत नाही. केवळ समभागांच्या नफ्यावर गुजराण करणाऱ्या निवृत्तांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

ज्यांना जुन्या प्रणालीतच राहायचे आहे त्यांच्याकडून मार्चनंतर, विवरणपत्र भरताना होणारा एक उद्योग आता चांगलाच महागात पडू शकतो. न दिलेल्या देणग्या, न भरलेले घरभाडे दाखवून परतावा मिळवून देणाऱ्या दलालांचा सुळसुळाट झाला होता. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने देशभरात दीडशे ठिकाणी एकाच वेळी तपासणी केली, ती याच प्रकारांची. महाराष्ट्रही त्यात होता. परताव्यातील टक्केवारीवर काम करणारा सल्लागार नोटीस आल्यावर दूरध्वनी उचलत नाही, हा अनुभव अनेकांच्या गाठी आहे.

आता दुकानदाराकडे वळू. छोट्या व्यावसायिकासाठी कलम ४४एडीची अंदाजित नफ्याची सोय आहे. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी आयकर कायदा, २०२५ लागू असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, येथे वाचकांच्या परिचयाचे जुने क्रमांक वापरले आहेत.) दोन कोटींपर्यंत उलाढाल असलेल्याने बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर ६ टक्के आणि रोखीच्या विक्रीवर ८ टक्के नफा दाखवला की त्याला खर्चाच्या पावत्या जपण्याचे आणि लेखापरीक्षणाचे बंधन नाही. रोख वसुली पाच टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा तीन कोटींची आहे. आडत, दलाली किंवा कमिशनवर काम करणाऱ्यांना ही सोय नाही, म्हणजे बाजार समितीतील आडते यातून बाहेर राहतात.

समजा, एका किराणा दुकानाची वार्षिक उलाढाल १ कोटी ८० लाख आहे आणि त्यातील पाचवा हिस्सा रोखीचा आहे. अंदाजित नफा येतो ११ लाख ५२ हजार. दुसरे उत्पन्न नसेल तर नव्या प्रणालीत यावर कर शून्य! दुकान व्यक्तीच्या नावावर असेल तरच, हे लक्षात ठेवावे. एकत्र हिंदू कुटुंबाला ही करसवलत नाही आणि भागीदारी संस्थेला तर सरसकट ३० टक्के दर आहे.

या शून्यातून एक असा परिणाम निघतो, ज्याची चर्चा फारशी होत नाही. आपल्या बाजारपेठांत उत्पन्न कमी दाखवण्याची एक जुनी रीत आहे. कर वाचतो, म्हणून पाच-सहा लाखांपेक्षा अधिक नफा कागदावर येऊ द्यायचा नाही. ही रीत कायद्याला धरून कधीच नव्हती. आता ती फायद्याचीही राहिलेली नाही. पाच लाख दाखवले काय आणि साडेअकरा लाख दाखवले काय, कर तेवढाच, म्हणजे काहीच नाही. मात्र बँक कर्ज देताना मागील तीन वर्षांची विवरणपत्रे पाहते. पाच लाखांच्या नफ्यावर शेजारचा गाळा घेण्यासाठी पंचवीस लाखांचे कर्ज मागायला गेलेला दुकानदार शाखाधिकाऱ्यासमोर बसतो तेव्हा आपल्याच कागदांनी अडवला जातो. मग तो पतपेढी किंवा खासगी सावकार यांच्याकडे वळतो आणि न भरलेल्या कराच्या कैक पट व्याज भरतो. शिवाय वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्रातील विक्री, बँकेतील जमा आणि आयकर विवरणपत्र या तिन्हींचा ताळमेळ आता संगणक घालतो. कमी दाखवण्यातली जोखीम वाढली आणि मोबदला संपला, असा हा मामला आहे. छोट्या व्यावसायिकाच्या मार्चअखेरच्या विचारात याला पहिले स्थान मिळायला हवे. कायद्याने सांगितलेली टक्केवारी किमान आहे. प्रत्यक्ष नफा अधिक असेल तर तो दाखवणे अपेक्षित आहे, आणि १२ लाखांच्या आत तो दाखवण्याचा खर्च आज काही नाही. ही सोय स्वीकारणाऱ्याला आगाऊ कर भरायचा असेल तर तो एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत भरावा लागतो.

ज्यांची उलाढाल याहून मोठी आहे किंवा जे भागीदारीत आहेत, त्यांच्याकडे मार्चमध्ये एक सल्ला हमखास येतो. ‘एखादी गाडी घेऊन टाका, घसारा मिळेल.’ हिशेब करून पाहू. मालाची ने-आण करण्यासाठी एका भागीदारी संस्थेने आठ लाखांचा टेम्पो २८ मार्चला रस्त्यावर आणला. घसाऱ्याचा दर १५ टक्के; पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाल्याने त्याच्या निम्मा, म्हणजे ६० हजार रुपये. त्यावर वाचलेला कर १८,७२० रुपये. टेम्पोची गरज होती तर तो घेणे शहाणपणाचे. केवळ करासाठी घेतला तर १८ हजारांसाठी आठ लाख अडकवले, असा त्याचा अर्थ होतो. आणि गाडी नुसती खरेदी करून भागत नाही. ती ३१ मार्चपूर्वी वापरात आली पाहिजे.

कौटुंबिक भागीदारी संस्थांपुढे आणखी एक नवे काम आले आहे. १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला दिलेले वेतन, मोबदला, कमिशन आणि भांडवलावरील व्याज यांची रक्कम वर्षाला २० हजारांच्या वर गेली की त्यावर १० टक्के दराने मुळातून करकपात करावी लागते. बाप-लेक किंवा दोघे भाऊ अशा हजारो संस्था वर्षभर हवी तशी उचल घेतात आणि भागीदारांचे वेतन, व्याज ३१ मार्चला एकाच नोंदीने वहीत टाकतात. त्या एका नोंदीबरोबरच करकपातीची जबाबदारी येते आणि मार्चमधील कपात ३० एप्रिलपर्यंत सरकारजमा करावी लागते. सप्टेंबरात लेखापरीक्षणाच्या वेळी मागील तारखेने नोंदी पूर्ण करण्याची सवय असलेल्यांना याचा चटका बसेल. कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेली भविष्य निर्वाह निधीची वर्गणी एक दिवस जरी उशिरा भरली तरी २०२५-२६ पर्यंतच्या वर्षांना लागू असलेल्या जुन्या कायद्यात ती वजावट कायमची जात असे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पष्ट केले होते. मार्चची वर्गणी भरण्याची अखेरची तारीख १५ एप्रिल.

या सगळ्यापेक्षा मोठा बदल घडवला आहे तो कलम ४३बी मधील ‘एच’ या एका उपकलमाने. २०२३ च्या वित्त कायद्याने ते आणले आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून ते लागू झाले. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे वा सेवेचे पैसे ठरावीक मुदतीत दिले नाहीत, तर त्या खरेदीची वजावट पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी मिळेल, असे ते सांगते. मुदत आहे ४५ दिवसांची, तीही लेखी करार असेल तर. करार नसेल तर अवघे १५ दिवस. हीच मुदत २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात पूर्वीपासून होती. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे, असेही त्यात लिहिले होते. पण भोसरीतला सुटे भाग बनवणारा कारखानदार किंवा शिरोलीतला फौंड्रीवाला आपल्या एकुलत्या एक मोठ्या गिऱ्हाइकावर दावा लावणार तरी कसा? दावा जिंकला तरी पुढची ऑर्डर गेलीच. त्यामुळे सतरा वर्षे ती तरतूद कागदावर राहिली. दावा-तक्रारींनी जे साधले नाही ते कराच्या भीतीने काही अंशी साधले. आता खरेदीदाराचा सनदी लेखापालच मार्चमध्ये विचारतो, ‘कोणाकोणाचे देणे बाकी आहे?’

याचे गणित नीट समजून घेण्यासारखे आहे. एका संस्थेने १० फेब्रुवारीला लघुउद्योजकाकडून दहा लाखांचा माल घेतला. लेखी करार नाही. मुदत २५ फेब्रुवारीला संपली. पैसे मार्चमध्ये, अगदी ३१ तारखेला दिले तरी मुदत टळून गेली असली तरी त्याच वर्षी वजावट मिळते. ३१ मार्च उलटला की दहा लाख रुपये नफ्यात मिळवले जातात आणि भागीदारी संस्थेवर ३ लाख १२ हजारांचा जादा कर येतो. माल २० मार्चला घेतला असेल तर मात्र ४ एप्रिलपर्यंत, आणि ४५ दिवसांचा लेखी करार असेल तर ४ मेपर्यंत पैसे देता येतात. एका साध्या करारपत्राने एका महिन्याची सवड मिळते, तरीही आपल्याकडे बहुसंख्य व्यवहार आजही शब्दावर आणि दूरध्वनीवर चालतात. ४४एडीखाली अंदाजित नफा दाखवणाऱ्याला खर्चाची वजावट वेगळी मागायचीच नसल्याने त्याला या उपकलमाची झळ बसत नाही.

२०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हे उपकलम प्रथमच प्रत्यक्ष भिडले तेव्हा बाजारात, विशेषतः कापड धंद्यात, खळबळ उडाली. तिथे तीन-चार महिन्यांच्या उधारीची जुनी परंपरा. काही खरेदीदारांनी पुरवठादाराला पैसे देण्याऐवजी त्याची उद्यम नोंदणीच रद्द करायला सांगितली. काहींनी माल परत केल्याच्या तक्रारी झाल्या. व्यापारी संघटनांनी अंमलबजावणी पुढे ढकलण्याची मागणी केली. सरकारने ती मान्य केली नाही, आणि ते योग्यच झाले. नोंदणी रद्द करणाऱ्या लघुउद्योजकाने आपल्या हातातील एकमेव शस्त्र खाली ठेवले, असेच म्हणावे लागेल. ज्याने ती केलेली नाही, त्याने आपला उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा. तो तिथे असला की गिऱ्हाइकाच्या लेखापालाचे काम सोपे होते आणि उद्योजकाचा धनादेश मार्चअखेरीस निघतो.

मात्र या तरतुदीत एक मोठी विसंगती आहे आणि ती दिवसेंदिवस ठळक होत चालली आहे. घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती केवळ बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती. वेळेवर पैसे मिळण्याचे संरक्षण उत्पादक व सेवा पुरवणाऱ्यांनाच. दुसरीकडे १ एप्रिल २०२५ पासून व्याख्या विस्तारली. आता १०० कोटींपर्यंत उलाढाल आणि यंत्रसामग्रीत २५ कोटींपर्यंत गुंतवणूक असलेला कारखाना ‘लघु’ ठरतो. याचा परिणाम असा की, चार कोटींची उलाढाल असलेल्या घाऊक व्यापाऱ्याने नव्वद कोटींच्या ‘लघु’ कारखान्याचे पैसे ४५ दिवसांत चुकते केले नाहीत तर दंड व्यापाऱ्याला. त्याच व्यापाऱ्याकडून माल नेणारा मोठा विक्रेता मात्र त्याला नव्वद दिवस तिष्ठत ठेवू शकतो. कायद्याला त्याच्याशी काही देणेघेणे नाही.

मधल्या या व्यापाऱ्याने मार्चअखेरीस करायचे काय? हिशेब असा. बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातून दहा लाख उचलून पुरवठादाराला दिले आणि आपली वसुली आणखी ४५ दिवसांनी आली, तर ११ टक्के दराने सुमारे १३,५०० रुपये व्याज पडते. पैसे न देता जादा कर भरला तर ३ लाख १२ हजार रुपये वर्षभर सरकारकडे अडकतात. वजावट पुढच्या वर्षी मिळते, म्हणून तोटा फक्त त्या रकमेवरील व्याजाचा, म्हणजे त्याच दराने ३४ हजारांहून अधिक. तेव्हा उसने काढून पैसे देणेच स्वस्त, अर्थात बँकेने ठरवून दिलेल्या मर्यादेत जागा शिल्लक असेल तर. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ती अनेकांकडे नसते, आणि ज्यांच्याकडे नसते तेच बहुधा ज्यांची वसुली सर्वाधिक रखडलेली असते असे व्यापारी. वेळेवर पैसे मिळण्याचा हक्क व्यापाऱ्यालाही द्यावा, किंवा निदान पुरवठादार खरेदीदारापेक्षा कैक पटींनी मोठा असेल तिथे हे उपकलम लागू करू नये, असा साधा बदल त्यात करता येण्याजोगा आहे. व्यापारी संघटनांनी मुदतवाढीची मागणी सोडून याच एका मुद्द्याचा पाठपुरावा केला, तर अर्थमंत्रालयाला तो टाळणे अवघड जाईल.